प्युरिटनांचं काम आणि शेजाऱ्यांची नजर

तुम्ही विचारलंय की, ‘प्युरिटन लोक कामालाच पूजा मानत, ज्याचा धंदा चालला तो देवाचा लाडका असं समजत, आणि त्यातूनच अमेरिकन भांडवलशाही उगवली’ असं एम.ए.च्या वर्गात शिकवलं, ते कितपत खरं? त्यांच्या रोजच्या गावगाड्यात धर्म नेमका कुठे शिरायचा? आणि नगरच्या जुन्या अमेरिकन मिशनचा या लोकांशी काही संबंध लागतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो, अगदी थेट’ असं आहे, पण त्याकडे मागाहून येते. वर्गात शिकवलेल्या वाक्यातले तिन्ही तुकडे अर्धे अर्धे खरे आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आधी मी हे कुठून बोलते ते सांगते. पुण्यात मोडी शिकले, तिथे जुने कागद वाचायची खोड लागली, आणि गेली २२ वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये सतराव्या शतकातल्या इंग्रजी दप्तरांचं लिप्यंतर करतेय. गावसभेच्या वह्या, चर्चच्या वह्या, कोर्टाचे निकाल, मृत्युपत्रं. त्या काळचं ‘सेक्रेटरी’ वळण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोडीच आठवली. तीच घाई, तोच शब्दांचा मन मानेल तसा संक्षेप. नवख्या माणसाची पहिली दांडी उडते ती तारखांवर. बऱ्याच नोंदींत महिन्याला नावच नसतं, नुसता आकडा. जानेवारी, मार्च ही रोमन देवांवरून पडलेली नावं, ती कशाला लिहायची? त्यातून नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणून मार्च हा ‘पहिला महिना’. ‘दहाव्या महिन्याची २५’ असं दिसलं की ती ऑक्टोबरची तारीख नाही, २५ डिसेंबर. आणि त्या दिवशी वहीत कुणाच्या तरी कुंपणाचा नाहीतर बैलाचा हिशोब असतो, कारण नाताळ ते पाळतच नसत. बायबलात त्याची तारीख नाही, मग सण कसला? १६५९ मध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला ५ शिलिंग दंडाचा कायदा झाला, तो १६८१ पर्यंत टिकला.

हे लोक कोण, ते भराभर सांगते. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ प्रवासी इंग्लंडहून आजच्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला आले. त्यांच्यातले धार्मिक पुढारी इंग्लंडच्या राजमान्य चर्चशी काडीमोड घेतलेले होते. पहिल्याच हिवाळ्यात जवळजवळ निम्मे मेले. १० वर्षांनी, १६३० मध्ये, जॉन विन्थ्रॉपच्या पुढारीपणाखाली मोठा ताफा मॅसॅच्युसेट्सच्या उपसागरात आला. हे खरे प्युरिटन. चर्च सोडायचं नाही, त्यातली ‘पोपशाही’ खरवडून काढायची, असं म्हणणारे. पुढच्या १० वर्षांत सुमारे २०,००० माणसं आली, बरीचशी बायकापोरांसकट, आणि बॉस्टनभोवती गावं बसली. मी बोलतेय ते मुख्यतः या दुसऱ्या मंडळींबद्दल.

आता ‘काम हीच पूजा’. हे वाक्य मराठी कानाला इतकं ओळखीचं आहे की आपण ते तपासून पाहत नाही. प्युरिटनांच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि मराठीत त्यांना दोन वेगळे शब्द आहेत ही आपली सोय: कर्म आणि काम. कर्मांनी, म्हणजे पुण्य गाठीला बांधून, कुणाचं तारण होत नाही. ते फक्त कृपेने, आणि कुणावर कृपा करायची ते देवाने जग घडवायच्या आधीच ठरवलंय. हा त्यांचा पाया. त्यामुळे चांभाराने दिवसाला ४ जोडे जास्त शिवले म्हणून स्वर्गाचं दार एक इंचही उघडत नाही.

मग काम कशासाठी? तर देवाने तुम्हाला त्या जागी बोलावलं म्हणून. मराठी बायबलात यासाठी नेमका शब्द आहे, ‘पाचारण’. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ७ व्या अध्यायातलं २० वं वचन काढून बघा. इंग्लंडातल्या केंब्रिजचा धर्मपंडित विल्यम पर्किन्स याने त्याच वचनावर कामाची अख्खी मीमांसा उभी केली, आणि वसाहतीतले पाळक, म्हणजे चर्चचे धर्मोपदेशक, त्याच्यावर पोसलेले होते. पाचारण दोन प्रकारचं: एक सगळ्यांचं, ख्रिस्ती होण्याचं, दुसरं ज्याचं त्याचं, सुतार, शेतकरी, दाई, न्यायाधीश होण्याचं. पर्किन्सच्या व्याख्येत एक अट आहे, ती लोक वाचताना गाळतात. पाचारण असतं ते सर्वांच्या हितासाठी. म्हणून भिकारी, मठातले साधू आणि खाऊनपिऊन दिवस घालवणारे जमीनदार यांना पाचारणच नाही, असं तो एका दमात म्हणतो. आणि ज्या अर्थी काम सर्वांच्या हितासाठी, त्या अर्थी ते नीट होतंय की नाही हे बघायचा हक्कही सर्वांना. माझ्या मते प्युरिटन गावजीवनाची किल्ली इथे आहे. वेळापत्रक, कष्ट, काटकसर सगळं खरं. पण ते एकट्या माणसाचं आणि त्याच्या देवाचं खासगी प्रकरण नव्हतं. शेजारी बघत होता, आणि बघणं हे शेजाऱ्याचं धर्मकर्तव्य होतं.

‘ज्याची भरभराट तो निवडलेला’ हा तुकडाही इथेच तपासू. चांगलं वागणं हा कृपेचा पुरावा धरायचा का, यावरून बॉस्टनमध्ये १६३६ ते १६३८ अशी दोन वर्षं रण पेटलं होतं. अ‍ॅन हचिन्सन नावाची एक बाई, सुईणपण करणारी, विन्थ्रॉपच्या घरासमोरच राहणारी. रविवारच्या उपदेशावर चर्चा करायला तिच्या घरी बायका जमायच्या, मग पुरुषही यायला लागले. तिचं म्हणणं, दोघेचौघे सोडले तर बाकीचे पाळक कृपेच्या नावाखाली कर्मच शिकवतात. तिच्यावर खटला झाला, वसाहतीतून हद्दपारी झाली, नंतर चर्चमधूनही बहिष्कार. लक्षात घ्या, इथे वाद सद्वर्तनाचा आहे, संपत्तीचा नाही. ‘माझी तिजोरी भरली म्हणून माझं तारण झालं’ असं या भांडणात कुठल्याच बाजूचा माणूस म्हणत नाही. संपत्ती हा मोह, त्यात आत्मा बुडतो, हेच दर रविवारी ऐकू यायचं.

आता नजर म्हणजे काय ते कोर्टाच्या वहीत बघू. १६३३ मध्ये वसाहतीच्या जनरल कोर्टाने (नाव कोर्ट, पण ही सभा कायदेही करायची आणि खटलेही चालवायची) मजुरी बांधून दिली: सुतार, गवंडी, करवतकरी वगैरे कुशल कारागिरांनी स्वतःचं खाऊन दिवसाला २ शिलिंगांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, मालकाने जेवण दिलं तर १४ पेन्स (१२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड). इंग्लंडहून आणलेल्या मालावर शिलिंगामागे ४ पेन्स, म्हणजे एक तृतीयांश, यापेक्षा जास्त नफा नको. त्याच वर्षी आणखी एक हुकूम: कुणीही आळसात वेळ दवडायचा नाही, आणि कामाविना फिरणारे, उगाच पक्षी मारत हिंडणारे आणि तंबाखू ओढणारे यांच्यावर कॉन्स्टेबलने विशेष लक्ष ठेवायचं. ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमच्या वाड्यातल्या एका आजोबांची आठवण झाली. ओट्यावर बसून ते याच क्रमाने लोकांची नावं ठेवायचे, फक्त त्यांना दंड करायचा अधिकार नव्हता.

१६३९ मध्ये एडवर्ड पामर नावाच्या सुताराला बॉस्टन गावाने खोडा बनवायचं काम दिलं. गुन्हेगाराचे पाय अडकवतात तो लाकडी खोडा. पामरने फळ्या आणि लाकूडकामाचे १ पौंड १३ शिलिंग ७ पेन्स लावले. कोर्टाला ते फार वाटले. शिक्षा: ५ पौंड दंड आणि एक तास त्याच खोड्यात. दंड पुढे बराच कमी केला, पण बॉस्टनच्या नव्या खोड्याचं उद्घाटन सुताराच्याच पायांनी झालं.

त्याच वर्षीचा दुसरा खटला जास्त महत्त्वाचा, आणि माझा जास्त आवडता. रॉबर्ट केन. विंडसरच्या खाटकाचा मुलगा, लंडनमध्ये व्यापारात वर आला, १६३५ मध्ये बॉस्टनला आला आणि आयात मालाचं दुकान टाकलं. धार्मिक किती? तर जॉन कॉटन या मोठ्या पाळकाचे उपदेश तो बसल्याजागी वहीत उतरवून घ्यायचा. त्या वह्या आजही आहेत. नोव्हेंबर १६३९ मध्ये त्याला जनरल कोर्टापुढे उभं केलं. आरोप: शिलिंगामागे ६ पेन्स, काही वस्तूंवर ८ पेन्स, आणि बारीकसारीक मालावर तर दुपटीहून जास्त नफा घेतला. माल कसला? खिळे, सोन्याची बटणं, घोड्याचा लगाम, दोऱ्याची गुंडी. गावोगावचे प्रतिनिधी भडकलेले, त्यांना २०० पौंड दंड हवा होता. मॅजिस्ट्रेट, म्हणजे त्याच कोर्टातले वरचे अधिकारी, मवाळ; रास्त भावाचा पक्का नियम कुठे असतो, बाहेरदेशीही असंच चालतं, असं त्यांचं मत. अखेर दंड २०० चाच लागला, पण कमी होत होत भरावे लागले ते ८० पौंड. २ शिलिंग रोजाच्या सुताराला ८० पौंड मिळवायला ८०० दिवस लागले असते, यावरून अंदाज करा.

कोर्टाने सोडलं, तर चर्चने धरलं. ही दोन वेगळी दारं होती. चर्च दंड करू शकत नव्हतं, तुरुंगात टाकू शकत नव्हतं; पण सभासदाला भर सभेत उभं करून जाब विचारू शकत होतं. काही सभासदांना केनला मंडळीतून, म्हणजे चर्चच्या सभासदांतून, काढूनच टाकायचं होतं. तो रडला, लोभी आणि भ्रष्ट मन असल्याचं त्याने कबूल केलं, आणि आपण अमुक अमुक नियमांच्या चुकीच्या समजुतीने वागलो असंही सांगितलं. मग कॉटनने पुढच्या व्याख्यानात ते ‘खोटे नियम’ एकेक करून खोडले. माल जमेल तितका महाग विकावा आणि जमेल तितका स्वस्त घ्यावा: खोटं. समुद्रात काही माल बुडाला तर उरलेल्याचा भाव चढवून तोटा भरून काढावा: खोटं. मी महाग घेतला, म्हणून महाग विकतो, मग बाजारभाव उतरलेला का असेना: खोटं. कॉटनचं म्हणणं असं की बुडालेला माल हा देवाने तुमच्या पदरात घातलेला तोटा. तो गिऱ्हाइकाच्या पदरात ढकलायचा नाही. मालच दुर्मीळ झाला आणि सगळीकडेच भाव चढला, तर मात्र चढा भाव घ्यायला हरकत नाही; तिथे देवाचा हात सगळ्यांवरच आहे. आजच्या कुठल्याही एमबीएवाल्याला हे नियम वाचून दाखवा. ज्याला प्युरिटन पाळक पाप म्हणतो, तोच त्याच्या पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम निघेल.

चर्चने केनला पुढे माफ केलं, पण तो आतून कधी शांत झाला नाही. १६५३ मध्ये मृत्युपत्र लिहायला बसला. ते १५८ पानं झालं. वाटणी करता करता मध्येच तो पुन्हा खिळ्यांच्या भावावर घसरतो. मी काय पाप केलं, कुणाला किती उधार दिलं, कोण किती वर्षं फेडत नव्हतं, सगळं. शिवाय माझ्या हिशोबाच्या वह्या बघा म्हणतो, त्या साक्ष देतील की मी आळसात दिवस घालवले नाहीत. मरताना देवापुढे ठेवायला खतावण्या काढणारा माणूस. वर्गात शिकवतात तो ‘प्युरिटन भांडवलदार’ जर कुणी असेल तर हा. आणि याच माणसाला त्याच्याच मंडळीने रडवलं होतं. दोन्ही गोष्टी एका समाजात एकाच वेळी होत्या. प्युरिटनांच्या कामाच्या नीतीतून भांडवलशाहीची वृत्ती आली, हा वर्गातला सिद्धांत जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९०४–०५ मध्ये मांडला; त्यात पहिली गोष्ट ठसठशीत आहे, दुसरी फिकी. त्याने नमुना म्हणून घेतला बेंजामिन फ्रँकलिन, जन्म १७०६. तोवर केनला मरून ५० वर्षं झाली होती आणि नफ्याबद्दल कुणी कुणाला मंडळीपुढे उभं करत नव्हतं.

रविवारचं सांगते. शब्बाथ शनिवारी सूर्यास्ताला सुरू व्हायचा, रविवारच्या सूर्यास्ताला संपायचा. काम बंद, खेळ बंद, प्रवास बंद. सकाळी एक सभा, दुपारी एक, उपदेश तासांच्या हिशोबात. व्यासपीठावर वाळूचं घड्याळ. इमारतीला ते ‘चर्च’ म्हणतच नसत. चर्च म्हणजे माणसं, मंडळी. इमारत ती सभागृह. क्रूस नाही, रंगीत काचा नाहीत, ऑर्गन नाही. तिथेच रविवारी उपदेश आणि इतर वारी गावसभा. काही गावांत मारलेल्या लांडग्याचं डोकं बक्षिसासाठी आणून तिथल्याच भिंतीला ठोकत.

त्या काळचं एकच सभागृह आज उभं आहे, हिंगम गावात, १६८१ चं. छताच्या वाकवलेल्या तुळया खालून बघितल्या की उलटी घातलेली होडी वाटते, म्हणून नाव पडलं ‘ओल्ड शिप’. मी पहिल्यांदा गेले ती फेब्रुवारीत, आणि आता तिथे हीटर असूनही माझे पाय गारठले. तेव्हा शेकोटीसुद्धा नव्हती. न्यायाधीश सॅम्युएल स्यूअलने जानेवारी १६८६ च्या रोजनिशीत लिहून ठेवलंय की, प्रभुभोजनाची (ख्रिस्ताच्या आठवणीत सभासदांना वाटतात ती) भाकर थंडीने इतकी गोठली होती की मोडून ताटात टाकताना खडखडत होती. हा आवाज मी कुठल्याही सिद्धांताआधी विद्यार्थ्यांना सांगते.

बसायची जागा मनाला येईल ती नाही. गावाची एक समिती वय, मालमत्ता आणि गावातला मान बघून बाकं वाटून द्यायची. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. या वाटपावरून झालेल्या रुसव्याफुगव्यांनी वह्या भरलेल्या आहेत. देवापुढे सगळे सारखेच पापी, पण दुसऱ्या रांगेतला पापी तिसऱ्या रांगेत बसणार नाही. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत पाट मांडताना यजमानाची काय गत होते ते आठवा.

सभेला येणं सगळ्यांना सक्तीचं, नाहीतर दंड. पण आलेला प्रत्येक जण मंडळीचा सभासद नव्हे. सभासद व्हायचं तर आपल्या अंतःकरणात कृपेचं काम कसं झालं याची कहाणी मंडळीला ऐकवायची, लोक प्रश्न विचारणार, मग मत देणार. बॉस्टनजवळच्या केंब्रिजचे पाळक टॉमस शेपर्ड यांनी अशा पन्नासेक कबुल्या एका छोट्या वहीत उतरवल्या आहेत. त्यात मोठ्या घरच्या बायका आहेत तशा मोलकरणीही आहेत. वाचताना एक गोष्ट जाणवते: ‘मला खात्री आहे’ असं कुणीच धड म्हणत नाही. शंका, मग थोडा धीर, मग पुन्हा शंका. फार ठाम बोलणाऱ्याचाच उलट संशय यायचा. आणि या सभासदत्वाला राजकीय किंमत होती. १६३१ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये मंडळीचा सभासद असेल त्याच पुरुषाला वसाहतीच्या कारभारात मत.

आता गाव. गाव म्हणजे जमिनीचं वाटप आणि लेखी करार. डेडम या गावाचा १६३६ चा करार मी विद्यार्थ्यांकडून शब्द न् शब्द वाचून घेते. तीन कलमं मोलाची: एकमेकांशी प्रेमाने वागू, जे आमच्या विचाराचे नाहीत त्यांना दूर ठेवू, आपसात तंटा झाला तर आपल्यातल्याच दोघातिघांपुढे ठेवून मिटवू. पहिलं कलम वाचून लोक हरखतात, दुसरं वाचून गप्प होतात. मला विचाराल तर पहिलं कलम दुसऱ्याच्या जोरावर उभं होतं. गाव वसवल्यावर मंडळी स्थापायला त्यांना आणखी २ वर्षं लागली. घरोघरी बैठका घेऊन त्यांनी एकमेकांची आध्यात्मिक उलटतपासणी केली आणि १६३८ च्या नोव्हेंबरात फक्त ८ पुरुषांनी मंडळी उभी केली. बॉस्टनचा १६३६ चा नियम असा की परवानगीशिवाय परक्या माणसाला १४ दिवसांहून जास्त घरी ठेवायचं नाही. घरही सभागृहापासून अर्ध्या मैलाच्या आत बांधा असा १६३५ चा हुकूम होता. तो ५ वर्षांत गुंडाळावा लागला, कारण चांगली जमीन अर्ध्या मैलाच्या आत मावेना. अविवाहित माणसाने एकट्याने बिऱ्हाड करणं तर बहुतेक ठिकाणी मनाई. त्याने कुठल्यातरी कुटुंबात, तिथल्या कर्त्याच्या शिस्तीत राहायचं.

हे सगळं ऐकून वाटेल की गावसभेत अष्टौप्रहर धर्मचर्चा चालत असेल. वह्या उघडा: डुकरं. पानोपानी डुकरं. कुणाची मोकाट सुटली, कुणाच्या मक्यात शिरली, कुणाच्या नाकात कडी नव्हती, कोंडवाड्यात किती दिवस होती. कुंपण तपासायला माणसं नेमलेली, डुकरांवर नजर ठेवायला वेगळा माणूस, गायरानात कुणाची किती गुरं ते ठरलेलं. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाची दोन सभागृहं झाली तीसुद्धा एका डुकरिणीपायी! शर्मन नावाच्या बाईची हरवलेली डुकरीण केनने मारून खाल्ली असा तिचा दावा (तोच केन, दुसरा कोण). प्रकरण १६४२ मध्ये जनरल कोर्टापुढे आलं, मॅजिस्ट्रेट एका बाजूला, प्रतिनिधी दुसऱ्या बाजूला, आणि कुणाचं मत वरचढ यावरून एवढं ताणलं की १६४४ पासून दोन्ही गट वेगवेगळे बसू लागले.

रोजचा व्यवहार रोखीचा नव्हताच. नाणं दुर्मीळ. शेतकऱ्यांच्या हिशोबवह्यांत नोंदी असतात त्या अशा: अमक्याचे बैल एक दिवस, तमक्याला दोन मापं मका, त्याच्या मुलाने तीन दिवस गवत कापलं. दोन्ही बाजू वर्षानुवर्षं चालू, मध्येच कधीतरी बसून बेरीज करायची आणि उरलेलं पुढच्या पानावर ओढायचं. ज्याच्याशी असा पाचदहा वर्षांचा हिशोब अडकलाय त्याच्याशी बोलणं तोडता येत नाही. डेडमच्या करारातल्या प्रेमाच्या कलमापेक्षा या वह्यांनी गाव जास्त बांधून ठेवलं असावं, असं माझं कैक वर्षांचं मत झालंय. बायकांचं काम या वह्यांत फार कमी दिसतं. दूधदुभतं, बिअर गाळणं, सूत, मेणबत्त्या, बाळंतपणं हे सगळं होतंच, पण खातं नवऱ्याच्या नावावर. तिचं लोणी त्याच्या जमेला.

एक सावधगिरी. तिथे राहणारे सगळेच प्युरिटन नव्हते. बॉस्टनचा पाळक कॉटन मॅथर याने एक किस्सा लिहून ठेवलाय: ईशान्येच्या किनाऱ्यावर एक पाळक कोळ्यांना बजावत होता की धार्मिक व्हा, नाहीतर तुम्ही इथे आलात त्या मुख्य हेतूलाच हरताळ फासाल. खालून एकाने सांगितलं, साहेब, तुम्हाला वाटतंय तुम्ही बॉस्टनकडच्या लोकांशी बोलताय; आमचा मुख्य हेतू मासे पकडणं होता. सॉगसला १६४६ च्या सुमारास लोखंडाचा कारखाना सुरू झाला. तिथले भट्टीवाले इंग्लंड-वेल्सहून आणलेले आणि नंतर त्यात भर पडली १६५० च्या डनबारच्या लढाईत पकडलेल्या स्कॉटिश कैद्यांची. कोर्टाच्या वहीत हे लोक भेटतात ते दारू, शिव्या आणि सभेला दांडी या सदरांखाली. वसाहतीला लोखंड हवं होतं, म्हणून त्यांना सहन केलं.

आणि ज्यांना सहनही केलं नाही ते लोक आहेत. मे १६३७ मध्ये मिस्टिक येथे पीक्वॉट या मूळ रहिवासी लोकांची वस्ती इंग्रजांनी पेटवून दिली, शेकडो माणसं, बायकामुलांसकट, मारली. वाचलेल्यांपैकी काहींना गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांकडे पाठवलं, आणि १६३८ मध्ये ‘डिझायर’ हे जहाज येताना तिकडून आफ्रिकी गुलाम घेऊन आलं. १६४१ च्या वसाहतीच्या हक्कसंहितेत बायकोला मारायला मनाई आहे, आणि त्याच संहितेत युद्धात पकडलेल्या व विकत घेतलेल्या माणसांना गुलाम ठेवायची मुभाही आहे. करार करणाऱ्यांच्या कुंपणाबाहेर कराराचं प्रेम लागू नव्हतं.

पाचारणाची कल्पना मूळ रहिवाशांवर कशी चालवली तेही बघण्यासारखं आहे. जॉन एलियट हा पाळक त्यांची भाषा शिकला, १६६३ मध्ये त्या भाषेत अख्खं बायबल छापलं. अमेरिकेत छापलेलं पहिलं बायबल ते, इंग्रजी नव्हे. त्याने धर्मांतरितांसाठी वेगळी गावं वसवली, १६५१ चं नॅटिक हे पहिलं. त्याआधी १६४६ मध्ये त्यांच्या एका वस्तीसाठी जे नियम झाले त्यातला पहिलाच नियम: जो माणूस आठवडाभर, फार तर पंधरवडाभर, रिकामा बसेल त्याला ५ शिलिंग दंड. त्या समाजात शेती बायका करायच्या आणि पुरुष शिकार-मासेमारी. इंग्लंडात शिकार हा जमीनदारांचा षोक, म्हणून इंग्रजांना ते पुरुष आळशी दिसले. तिथल्या जंगलात शिकार हेच पोटापाण्याचं काम होतं, हे डोळ्यांसमोर असून दिसलं नाही.

ही नजर सैल कशी झाली? मुलं-नातवंडं कृपेची कहाणी सांगायला पुढे येईनात, तेव्हा १६६२ मध्ये अर्धं सभासदत्व काढलं: मुलांना बाप्तिस्मा मिळेल, पण प्रभुभोजन आणि मंडळीत मत नाही. गावं लांब पसरली. १६९१ च्या सनदेने मताधिकार मंडळीपासून तोडून मालमत्तेला जोडला. सेलमचे चेटकिणींचे खटले १६९२ चे, तेही या घसरणीच्या काळातले. त्यावर वेगळं विचाराल तर लिहीन. तुमच्या तिसऱ्या तुकड्याचं उत्तर म्हणून एवढंच: कष्टाची आणि हिशोबाची सवय पाचारणाने लावली, पण त्यावरची मंडळीची नजर उठल्यावरच ती सवय मोकळी सुटली. भांडवलशाही प्युरिटन धर्मातून उगवली यापेक्षा तो धर्म थकल्यावर उगवली, हे मला दप्तरांशी जास्त जुळणारं वाटतं.

आता नगर. प्युरिटनांच्या या स्वायत्त मंडळ्या पुढे काँग्रिगेशनल चर्च म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांनीच १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये परदेशी मिशनचं अमेरिकन बोर्ड काढलं. त्या बोर्डाचा मिशनरी गॉर्डन हॉल हा मॅसॅच्युसेट्सचाच, १८१३ च्या फेब्रुवारीत सहकाऱ्याबरोबर मुंबईत उतरला. १८२६ मध्ये प्रवासात पटकीने गेला. १८३१ मध्ये नगरचं ठाणं सुरू झालं, १८४२ मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. नगरच्या ज्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले त्या चालवणाऱ्या सिंथिया फरार याच बोर्डाच्या, न्यू हॅम्पशायरच्या. ५० घरांच्या गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा नेमलाच पाहिजे असा मॅसॅच्युसेट्सचा कायदा १६४७ चा आहे, सैतान लोकांना शास्त्रापासून दूर ठेवतो म्हणून. मिशन कुठेही गेल्या गेल्या शाळा का काढायचं, त्याचं मूळ या कायद्यात सापडेल.

तुम्ही नगरमध्येच आहात, तर जुन्या मंडळीची सभासद-नोंदवही बघायला मिळते का ते विचारा. मिळाली तर बाप्तिस्म्याच्या तारखा नंतर उतरवा. आधी बघा की सभासद करून घेताना कुणाला काय विचारलं, कुणाला किती महिने थांबवून ठेवलं, आणि शिस्तीच्या कारवाईत कुणाला कशासाठी उभं केलं. पानं मोडीत असतील तर स्वच्छ उजेडात फोटो काढून पाठवा, मी वाचून देईन.